गुलाबी रॉकेट

माणूस चष्म्याच्या दुकानात शिरला की तो छत्री मिटेपर्यंत मला कळतं, याला काय विकता येईल. जवळचं दिसत नाही हे नवऱ्यापासून लपवणाऱ्या काकू, स्वस्त फ्रेम मागून महागडीकडे बघत बसणारी कॉलेजची पोरं... दुकान अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. पण डोळे तपासण्याचं आणि माणसं ओळखण्याचं खातं माझ्याकडे. तेव्हा श्रावणातल्या त्या ऊन-पावसाच्या दुपारी विसकटलेल्या केसांचा जो उंच माणूस आत आला, त्याला मी मनातल्या मनात ‘कॉम्प्युटरवाले’ या रांगेत बसवून मोकळी झाले.

अंदाज साफ चुकला. त्याला चष्मा नकोच होता. भिंग हवं होतं, डोक्याला पट्ट्याने बांधायचं, दोन्ही हात मोकळे ठेवणारं. त्यातून नीट दिसतंय का हे बघायला त्याने पिशवीतून एक खोका काढला, कापूस बाजूला सारला आणि आतून वीतभर उंचीचं रॉकेट काचेवर उभं केलं.

“अगंबाई,” मी म्हणाले, “गुलाबी?”

“गुलाबी कुठे? राखाडी-हिरवट आहे.” तो हसला. “पहिला माणूस ज्यातून अवकाशात गेला, ते हे. पुष्कळजण पांढरं रंगवतात. खरं तसं नव्हतं.”

त्याने हे इतक्या मायेने सांगितलं की मी पुन्हा एकदा पाहिलं. रॉकेट गुलाबीच होतं. भडक नव्हे – पाडव्याच्या साखरगाठीसारखं, फिकट, गोड गुलाबी. चेष्टा करतोय की काय म्हणून मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेष्टा नव्हती. मग मात्र मी कपाटातून ठिपक्यांचं पुस्तक काढलं आणि एक पान त्याच्यापुढे धरून, यात कोणता आकडा लपलाय ते वाचायला सांगितलं.

त्याने पान जवळ धरलं, मग लांब धरलं.

“यात आकडा आहे?” त्याने विचारलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नाव सुजय. देवरूखला कॉलेजात फिजिक्स शिकवतो. तांबड्या-हिरव्यात थोडा गोंधळ होतो हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. ‘थोडा’ म्हणजे किती, ते कधी कुणी मोजलं नव्हतं. पावसाळ्यात जांभ्या दगडाच्या गडग्यावर, कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर, शेवाळ चढतं ना, त्यात दगड कुठला आणि शेवाळ कुठलं हे त्याला हात लावून बघावं लागतं – निसरडं लागलं की शेवाळ. रंगांच्या बाटल्यांवर नावं असतात, म्हणून सुरुवात बरोबर होई. पण मग मनासारखा जुळेपर्यंत थेंब थेंब मिसळत जायचं... आणि तिथे हा असा घात.

“आठवडाभर हे स्टाफरूममध्ये माझ्या टेबलावर होतं,” तो म्हणाला. “कुणी काही बोललं नाही.”

“बोलले असतील. तुमच्यासमोर नसतील.”

बोलून गेले आणि जीभ चावली. पण तो हसला – स्वतःवर, अगदी मोकळेपणाने. अशी माणसं फार थोडी असतात. मी ते हसू जमेच्या बाजूला टाकलं.

अडचण अशी होती की गणपतीच्या सुट्टीनंतर कॉलेजात प्रदर्शन होतं. सुरुवातीच्या काळातली रॉकेटं, अगदी खऱ्या रंगांत – असं त्याने सगळ्यांना छातीठोक सांगून ठेवलेलं. भिंगाचे पैसे देताना त्याने जरा घुटमळत विचारलं, थोडे दिवस तुमचे डोळे मिळतील का.

त्यानंतर सुजय दर रविवारी एसटीने यायला लागला. दुकानाच्या मागे छोटी गॅलरी आहे, तिथे आम्ही बसायचो. ट्यूबच्या उजेडात रंग ठरवायचा नाही, हा त्याचा नियम. पांढरी-काळी रॉकेटं त्याने एकट्याने कधीच रंगवून ठेवली होती. अडलं होतं ते या गुलाबीपाशी. जुन्या रंगीत फिल्मची छापून आणलेली चित्रं आणि काही काळे-पांढरे फोटो आमच्या मध्ये पसरलेले असायचे. मी म्हणायचे, हा ढगाळ दिवशी आपल्या भाट्याच्या खाडीचं पाणी असतं तसा रंग आहे. तो विचारायचा, म्हणजे कसा? आता खाडीच्या पाण्याचा रंग ज्याला कधी दिसलाच नाही, त्याला तो सांगायचा कसा? मी सांगायचे, थंड... करड्यात एक घोट हिरवा... दुपारी झोपून उठल्यावर वाटतं तसा. तो गंभीरपणे मान डोलवायचा. दुसरा कुणी असता तर मला वेड्यात काढलं असतं.

पण तो नुसता ऐकून घेणारा नव्हता, हे दुसऱ्याच रविवारी कळलं. मी जुळवलेला रंग त्याने काळ्या-पांढऱ्या फोटोशेजारी धरला आणि म्हणाला, गडद झाला. मी म्हटलं, रंग मला दिसतो की तुम्हाला? तो शांतपणे म्हणाला, रंग तुमचाच बरोबर असेल, पण फोटोत बाजूच्या लोखंडी सांगाड्यापेक्षा रॉकेट एक पायरी उजळ आहे. मी डोळे बारीक करून पाहिलं. होतं. उजेड-अंधाराच्या ज्या बारीक पायऱ्या माझ्या नजरेतून निसटत, त्या तो जिन्यासारख्या चढत-उतरत होता. रंग माझा, छटा त्याची. आम्ही दोघं मिळून एक माणूस नीट बघत होता.

आणि मग ते सुरू झालं. भिंग देता-घेता बोटाला बोट लागायचं, आणि माझ्या कानाच्या पाळ्या तापायच्या. पहिल्यांदा मी घाबरून तोंड फिरवलं. मग लक्षात आलं – याला कुठे दिसतंय! अप्पांसमोर, गिऱ्हाइकांसमोर किती सांभाळावं लागतं. इथे मी मनसोक्त लाजू शकत होते, अगदी फुकटात. इतका किफायतशीर माणूस मला आजवर भेटला नव्हता.

अप्पा मात्र पडद्याआडून एकदा म्हणालेच, “काय गो ज्ञाना, ह्या गिऱ्हाइकाचे डोळे अजून तपासून व्हायचेत?”

चतुर्थीच्या आधीच्या रविवारी रंग जुळला. मी तसं सांगून टाकलं. माल संपला असं दुकानदाराच्या मुलीने गिऱ्हाइकाला इतक्या पटकन सांगू नये, पण खोटं बोलवेना. सुजयने रॉकेट कापसात गुंडाळलं, प्रदर्शनाला नक्की या म्हणाला... आणि गेला.

पुढच्या रविवारी आला नाही. गणपती आले, गेले, तो नाही. फोनही नाही. मी हिशेब मांडून पाहिला. त्याला डोळे हवे होते, ते मिळाले. त्या डोळ्यांना ज्ञानेश्वरी नावाचं एक माणूस जोडलेलं आहे, ही जोडणी फक्त माझ्या वहीत होती, त्याच्या नाही. जायचंच नाही असं ठरवलं. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी अप्पा म्हणाले, दुकान मी बघतो. आणि मी त्यांच्यावर उपकार करत असल्यासारखी देवरूखच्या गाडीत जाऊन बसले.

हॉलमध्ये गर्दी होती. टेबलावर रॉकेटं ओळीने उभी, आणि मधोमध ते – माझ्या खाडीच्या रंगाचं. परीक्षक म्हणून आलेले एक गृहस्थ नेमके त्याच्यासमोर थांबले. हे चुकलंय, ते म्हणाले, हे पांढरं असतं. रंग ठरवला कुणी?

सुजयने त्यांना फिल्ममधली चित्रं दाखवली. तिथे थांबला असता तरी चाललं असतं.

“सर, मला तांबडा-हिरवा नीट कळत नाही,” तो पोरांसमोर, स्टाफसमोर म्हणाला. “आधी मी हे चक्क गुलाबी रंगवलं होतं.” मागे खसखस पिकली. दोन-तीन प्राध्यापक आपल्या चपला न्याहाळू लागले. “यातली छटा माझी आहे. रंग त्यांचा. मी चुकलो की त्या तोंडावर सांगतात. बाकी कुणी सांगत नाही.”

त्याने हात केला त्या दिशेला सगळा हॉल वळला. तिथे मी होते.

मी जी बाहेर पडले ती थेट आवारातल्या गडग्यापाशी. पाठोपाठ तो आला. दगडावरून हात फिरवून बघितला, निसरडं नव्हतं तिथे मला बसायला सांगितलं आणि स्वतः उभाच राहिला.

“तुम्ही आत लाजलात,” तो म्हणाला.

“काहीतरीच. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?”

“रंग नाही कळत. पण आधी कानाच्या पाळ्या एक पायरी गडद होतात... मग गाल. भिंग देताना व्हायचे, तसेच.”

माझ्या सगळ्या रविवारांची बेरीज एका क्षणात उलटी फिरली. फुकटात म्हणून केलेला सगळा खर्च समोरच्याने टिपून ठेवला होता.

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“तुमच्या गॅलरीत वारा नाही. वाटलं, उकाड्याने होत असेल.” तो चाचरला. “म्हणून मुद्दाम आलो नाही. म्हटलं, रंगाचं काम नसताना... वारा असलेल्या जागी एकदा बघावं.”

प्रयोग! फिजिक्सचा मास्तर माझ्यावर प्रयोग करत होता, आणि मी इकडे पंधरा दिवस उशीशी भांडत होते. वारा तर असा होता की माझी ओढणी गडग्याच्या पलीकडे निघाली होती. त्याने ती अलगद धरली.

“मग? काय निघालं?” मी विचारलं.

“अजून गडद होतायत.” त्याचा आवाज हळू झाला. “पण रंग तूच सांग. कोणता आहे?”

‘तू’ म्हणाला. मी ओढणी त्याच्या हातातच राहू दिली.

“साखरगाठीचा,” मी म्हणाले. “तुझ्या पहिल्या रॉकेटचा.”

मग त्याच्या डोळ्यांत तेच हसू आलं, जे मी पहिल्या दिवशी जमेला धरलं होतं.

“म्हणजे मी रंग बरोबरच जुळवला होता,” तो म्हणाला. “फक्त चुकून रॉकेटला लावला.”

मी या वेळी तोंड फिरवलं नाही. त्याला दिसतच होतं.