भिंतीतला दर्या

या कामातून शॅनन डाबरेला काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवू. पुढे ती प्रेमात पडली, म्हणून तिला कुणी भोळी समजायला नको.

गोखिवऱ्याला तिच्या पप्पांचा काचकामाचा गाळा होता. बाहेर पाटी ‘फ्लॉईड ग्लास वर्क्स’. आत काचा कापणारे पप्पा, आणि मागच्या कोपऱ्यात शॅननची छोटीशी टाकी. खारं पाणी, त्यात डोलणारं प्रवाळ. पप्पा त्या टाकीकडे पाहुण्याच्या मुलाकडे बघावं तसे बघत. कौतुक होतं, जबाबदारी नको. “टेबलावर काय कुणीही जगवेल, बाय,” ते म्हणायचे. “कुणाच्या घरात भिंतीएवढा समुद्र उभा कर आणि जगवून दाखव. मग पाटीवर तुझं नाव.”

म्हणजे एका भिंतीच्या बदल्यात एक नाव. शॅननचा हिशेब एवढा सरळ होता. त्यात नवरा कुठेच नव्हता.

हर्षवर्धन आला तो खिडकीच्या फुटक्या काचेचा तुकडा कागदात गुंडाळून. माप द्यायला आलेला माणूस माप विसरला आणि कोपऱ्यातल्या टाकीसमोर जाऊन उभा राहिला.

“हे... खरं आहे?”

“काय, काच?”

“नाही, हे फूल. हलतंय.”

“फूल नाही, प्राणी आहे. आणि तुम्ही काचेवर बोट आपटताय ते त्याला आवडत नाही.”

“त्याला, की तुम्हाला?”

“आम्हा दोघांना,” शॅनन म्हणाली, आणि वर बघितलं. बघायला नको होतं. पोरगा हसत होता, आणि चांगलं हसत होता.

“आईला दाखवायचंय हे.”

“आणा की त्यांना.”

“नाही, म्हणजे... घरात. भिंतीत.”

मग त्याने सांगितलं. आई, यमुनाबाई, माहेरची वेंगुर्ल्याची. समुद्राच्या आवाजावर वाढलेली. आता गुडघे गेलेत, मनवेलपाड्यात तिसरा मजला, लिफ्ट नाही. घराच्या खिडकीतून समोरच्यांचे वाळत घातलेले टॉवेल दिसतात, बाकी काही नाही. आईचं नाव पुढे करणाऱ्या मुलाकडे मुली जरा जास्तच वेळ बघतात, आणि हे मुलांनाही ठाऊक असतं. पण हा खरं बोलत होता. शॅननला काचेतला तडा लांबून दिसायचा. तो इथे दिसला नाही.

हॉल आणि आतल्या खोलीमधली भिंत फोडली. आधी इंजिनिअरला विचारलं, मग हातोडा उचलला. टाकीचा भार भिंतीवर नको म्हणून खालून लोखंडी सांगाडा उभा केला. सोसायटीचे सेक्रेटरी येऊन विचारून गेले, “टँकरच्या पाण्यात मासे पाळणार?” शॅननने गाळलेल्या पाण्यात खास समुद्राचं मीठ कालवलं, दगड रचले, पंप सुरू केला. पांढऱ्या भिंतीत निळा चौकोन पेटला... आणि त्यात एकही मासा नव्हता.

“आता?” हर्षवर्धनने विचारलं.

“आता थांबायचं. पाणी आधी मुरतं. घाई केली की सगळं मरतं.”

“लोणच्यासारखं?”

“लोणचं निदान खाता येतं.”

थांबायला माणूस लागतो, आणि माणसाला निमित्त लागतं. रोज संध्याकाळी शॅननचा फोन वाजू लागला.

“पाणी आज जरा उदास वाटतंय.”

“पाणी, की तुम्ही?”

“दोघंही. येऊन बघता का?”

ती यायची. पाण्यात काही झालेलं नसायचं. तरी ती तपासायची, कारण तिला तपासायला आवडायचं – काय तपासायला आवडायचं, ते विचारू नये. एकदा ती आतल्या खोलीतून काच पुसत होती आणि तो हॉलमध्ये होता. मध्ये सगळं पाणी. तिने फडका खाली घेतला तर पलीकडे त्याचा चेहरा, निळा, हलता, तिच्याकडे लागलेला. दोघांनीही नजर काढली नाही. पंप मात्र घरघरत राहिला.

“तुम्ही काच पुसताय की मला?” पलीकडून आवाज आला.

“डाग आहे तिथे. जातच नाही.”

पुढे गोगलगाई आल्या, एक लाल कोळंबी आली, नारिंगी माशांची जोडी आली, आणि प्रवाळ उमललं. यमुनाबाई खुर्ची ओढून टाकीसमोर बसल्या त्या बसल्याच. शॅनन निघाली की त्या म्हणायच्या, “काम झालं की तू यायची नाहीस ना गो?” शॅनन चप्पल घालायला नको तितका वेळ लावायची.

नारळी पौर्णिमा झाली. पुढच्या रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपून, पप्पा भिंत बघायला येणार होते. शॅनन त्यांच्या आधी पोचली आणि दारातच थबकली. सगळं प्रवाळ मिटलं होतं. गोगलगाई वाळूत उलट्या पडल्या होत्या. कोळंबी दिसतच नव्हती.

“रात्रीपर्यंत बरं होतं,” हर्षवर्धन म्हणाला. त्याचा चेहरा टाकीहून वाईट दिसत होता.

शॅननने बाही सरकवली आणि वाळूत हात घातला. दगडाच्या मुळाशी बोटांना काहीतरी गोल, सपाट लागलं. वर काढून तिने मुठीतच बघितलं. तांब्याचा ढब्बू पैसा, देवघरात ठेवतात तसा, घासूनपुसून लख्ख केलेला. तांबं म्हणजे प्रवाळाला विष, गोगलगाईंना तर यमच. आणि देवघरातला पैसा इतक्या भक्तीने घासणारं माणूस या घरात एकच होतं.

मूठ उघडली असती तर पाटीवरचं तिचं नाव बचावलं असतं. पण मग या घरात यमुनाबाई कायमच्या खाली मान घालून बसणार होत्या. दारावर बेल वाजली. शॅननने मूठ घट्ट मिटली.

पप्पा आत आले. टाकी बघितली. लेकीकडे बघितलं. “काय झालं?”

“माझी चूक, पप्पा. पाणी नीट तपासलं नाही.”

“खोटं बोलताहेत, काका,” हर्षवर्धन पुढे आला. “चूक माझी. मी साबणाचा हात घातला.”

“साबणाने असं होत नाही,” शॅनन म्हणाली.

“मग कशाने होतं?”

“माझ्याने!”

“तुमच्याने माशी मरत नाही!”

“तुम्ही मध्ये बोलू नका ना!”

“माझ्या घरातली भिंत आहे!”

“समुद्र माझा आहे!”

पप्पांनी आयुष्यात काच फुटल्यावर दुसऱ्याकडे बोट दाखवणारे पुष्कळ पाहिले होते. चूक आपल्याकडे ओढण्यासाठी भांडणारे दोघे पहिल्यांदाच बघत होते. इतक्यात स्वयंपाकघरातून यमुनाबाई भिंत धरत धरत आल्या. मनातलं बोलायचं झालं की त्या मालवणीवर यायच्या.

“भांडतात कित्याक? पैसो मीच टाकलंय. पुनवेक. दर्याक रिकाम्या हातान भेटूचा नसता. माका काय ठावक, तो तांब्यान मरतलो म्हणून...”

पप्पा लेकीसमोर आले. “मूठ उघड, बाय.”

तिने उघडली. पैसा बघून पप्पांनी यमुनाबाईंना विचारलं, “नळाच्या पाण्याला वाहिला असता?”

“नळाच्या पाण्यात कोण पैसो टाकता?” यमुनाबाई चक्क रागावल्या. “दर्या तो. माजो दर्या.”

पप्पांनी खिशातून पेन्सिल काढून शॅननच्या हातात दिली. “पाटीवर कुठल्या अक्षरात हवं ते काढून दे. पेंटर उद्या येतोय.”

“पण पप्पा, सगळं मिटलंय...”

“पाणी बदल. उघडेल. वेंगुर्ल्याच्या बाईने ओळखला, म्हणजे समुद्र झाला.”

दुपारभर दोघे बादल्या वाहत होते. जुनं पाणी बाहेर, नवं आत.

“आईने पैसा टाकताना काहीतरी मागितलं असणार,” हर्षवर्धन म्हणाला. “विचारलं मी. सांगत नव्हती.”

“मग?”

“मग सांगितलं. काम संपलं तरी ती मुलगी यायची थांबू नये म्हणून.”

शॅननने बादली खाली टेकवली. “आईंनी मागितलं. आणि तुम्ही?”

“माझ्याकडे तांबं नव्हतं. मी... नुसताच रोज फोन करत राहिलो.”

“पाणी उदास आहे म्हणून.”

“पाणी कधीच उदास नव्हतं, शॅनन.”

“ठाऊक होतं मला,” ती म्हणाली. “मी तरी कुठे पाणी बघायला यायचे? धर ती बादली नीट. सांडतोयस.”

‘सांडतोयस’. तुम्हीचं तू कधी झालं ते तिलाही कळलं नाही. त्याला कळलं. त्याने उरलेली अर्धी बादली स्वतःच्या पायावर ओतून घेतली.

आठवडा उलटला आणि एका सकाळी पहिलं प्रवाळ चाचपडत उघडलं. मग दुसरं. कोळंबीही दगडाआडून बाहेर आली; गोगलगाई तेवढ्या उठल्या नाहीत. पुढे लग्न ठरलं तेव्हा शॅननच्या पापडीला आणि मनवेलपाड्यालाही थोडी कुजबुज झाली, थोडे रुसवे झाले. पप्पा आणि यमुनाबाई यांनी ते चहाबरोबर पिऊन टाकले.

आता कुणाच्या पदरात काय पडलं ते बघू. शॅननला नाव मिळालं, वर नवरा मिळाला. हर्षवर्धनला शॅनन मिळाली. यमुनाबाईंना सून आणि समुद्र, दोन्ही बसल्या जागी. पप्पांना पेंटरच्या तोंडून ऐकायला मिळालं की लेकीचं अक्षर बापापेक्षा सुरेख आहे. सगळेच कमावून बसले. किंमत भरली ती बिचाऱ्या गोगलगाईंनी. आणि त्यांना तर कोणी लग्नाचं विचारलंही नव्हतं.