चारशे नऊ ठोकळे आणि चोविसावा पिंजरा

शलाकाच्या संगणकाच्या पडद्यावर चारशे नऊ ठोकळे होते, प्रत्येक ठोकळा म्हणजे होडीला एक आज्ञा: सुरुवातीचा एक आणि चोवीस पिंजऱ्यांसाठी प्रत्येकी सतरा. धरणात तरंगणाऱ्या या माशांच्या पिंजऱ्यांपाशी टिटवी नावाची बोलणारी यंत्रहोडी जायची, पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायची आणि कमी भरला तर पंपाने हवा सोडायची. पण टिटवीच्या मेंदूत चारशेच ठोकळे मावत. त्यामुळे चोविसाव्या पिंजऱ्याचे आठ ठोकळे झाले की ती थांबे. मोजणी होई, हवा सोडायची राहून जाई.

चोविसावा पिंजरा आत्याचा होता.

"शालू, मासं तोंड वर काढाय लागलं गं!" आत्या काठावरून ओरडली. मोजणी होती दर लिटरला दोन पूर्णांक आठ मिलिग्रॅम. निदान चार तरी हवे होते.

"ठोकळे तिसरीतल्या पोरांचे," होडी देणाऱ्या संगणक केंद्राचे तासगावकर सर म्हणाले. "तू पंधरा वर्षांची घोडी. प्रोग्रॅम टाइप करून लिही, नाहीतर चार वाजता होडी दुसऱ्या गटाला."

"टाइप करायलाही शिकेन, सर. पण आज ठोकळ्यांनीच करणार. ठोकळे लहान नाहीत, तुम्ही दिलेली ठोकळ्यांची पेटी लहान आहे."

सर खांदे उडवून निघून गेले. टिटवीने विचारलं, "आत्या तुला जाळं लावायला कसं सांगते?"

"'वडापाशी जाळं लाव.' बस्."

"खुंट शोध, दोरी बांध, जाळं पसर, हे नाही सांगत?"

"ते एकदाच शिकवलं. आता नुसती जागा सांगते." शलाका थबकली. "मला माझा स्वतःचा ठोकळा हवाय!"

"ती सोय पेटीत आहे. लहानांचा गोंधळ होईल म्हणून लपवलेली."

"मी लहान आहे?"

"तू पंधराची."

"मग उघड."

तिने पहिल्या पिंजऱ्याचे सतरा ठोकळे एका नव्या ठोकळ्यात घातले आणि त्याला नाव दिलं 'पिंजरा तपास'. तो चोवीस वेळा चालवायला सांगितलं. टिटवी निघाली आणि पहिल्याच पिंजऱ्याभोवती घिरट्या घालू लागली.

"भोवरा झाला की तुझा!" परत आलेले सर हसले.

शलाकाने दात आवळले. आत 'एक' हा आकडा तसाच राहिला होता. तो काढून तिने तिथे खाच ठेवली (बदलती माहिती भरायची रिकामी जागा). खाचेत जो आकडा पडेल, तो पिंजरा तपासला जाईल. मग चोवीस आकड्यांची यादी केली आणि 'चोवीस वेळा'च्या जागी यादीतला एकेक आकडा खाचेत टाकणारा ठोकळा जोडला. तीन वाजता टिटवी पुन्हा सुटली.

टिटवीने दुसरा पिंजरा ओलांडला, मग तिसरा. सर पडद्याकडे वाकले. "हे ठोकळेच आहेत?"

"ठोकळेच. आणि उद्यापासून नववी-दहावीच्या सगळ्यांना ही पेटी उघडी हवी, सर."

सरांनी खिशातून वही काढली आणि खाचेचं चित्र उतरवून घेतलं.

तीन वाजून पंचावन्न मिनिटं. ठोकळे: बावीस. चोविसावा पिंजरा: दर लिटरला पाच पूर्णांक एक मिलिग्रॅम.