राखाडी वाक्य

निवृत्तीनंतरही ग्रंथालयाने मला अधूनमधून कामाला बोलावणं चालू ठेवलं. वाचनालयाच्या मागची खोली, खिडकीपाशी लांब टेबल, त्यावर संगणक, दोन खुर्च्या. काम जुनी पुस्तकं, छायाचित्रं आणि माणसं यांच्या नोंदी एकमेकींना जोडण्याचं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक माहिती एका छोट्या वाक्यासारखी भरायची: कोण, नातं काय, कोणाशी. 'अमका – लेखक आहे – तमक्या पुस्तकाचा.' अशा असंख्य वाक्यांचं मिळून एक जाळं होतं.

आपण भरलेलं वाक्य काळ्या अक्षरांत दिसतं. त्यावरून सॉफ्टवेअर स्वतः जे ताडतं, ते राखाडी अक्षरांत. एकाच्या पानावर 'भाऊ आहे – दुसऱ्याचा' लिहिलं, की दुसऱ्याच्या पानावर तेच नातं राखाडीत हजर. राखाडी वाक्य पुसता येत नाही. ज्या काळ्या वाक्यावरून ते आलं, ते पुसावं लागतं. मूळ उपटलं की पालवी आपोआप जाते. शेजारी 'का?' असं बटण असतं. दाबलं की ते मूळ दाखवतं.

मी हे शिकत होतो तेव्हा विभागप्रमुख म्हणाली, "काका, सरावाला घरचीच माणसं घ्या. चुकलं तर निदान कोणी तक्रार करायला येणार नाही." ती माझ्या लेकीच्या वयाची.

मी माझं पान केलं, बायकोचं केलं. नातं कोणतं घालावं सुचेना. दुपारी मला घरी न्यायला ती यायची आणि माझं आवरेपर्यंत डावीकडच्या खुर्चीत बसून राहायची. तेव्हाही तिथेच होती. मी माझ्या पानावर लिहिलं: 'मी – शेजारी बसतो – हिच्या.' नातं दोन्हीकडून लागू, अशी खूण केली. तिच्या पानावर लगेच राखाडीत उमटलं: 'ही – शेजारी बसते – माझ्या.'

तिने चष्मा सारखा करून वाचलं. "अहो, हे उलटं झालं."

"उलटं कसं?"

"काळं वाक्य माझं हवं. याच वाचनालयात, अख्खं टेबल रिकामं असताना, खुर्ची ओढून शेजारी कोण येऊन बसलं होतं? तुमच्यावर सोडलं असतं तर अजून पुस्तकाआडून बघत असता!"

विभागप्रमुख हसत सुटली. माझे कान तापले. बोलता बोलता बायकोने माझ्या स्वेटरच्या बाहीचा सुटलेला धागा तोडला, बोटाभोवती गुंडाळला आणि ते वेटोळं टेबलावर ठेवलं. ही तिची जुनी सवय.

"दुरुस्त करा बरं का," ती म्हणाली.

"उद्या करतो," मी म्हटलं.

ती गेल्याला आता हिवाळा उलटून गेला. वाक्य तसंच राहिलं. खरं सांगायचं तर कामावर आल्याबरोबर मी आधी तिचं पान उघडायचो. घरी तिचं सगळं होऊन गेलेलं होतं, कपाटं आवरून झाली होती. इथे मात्र ती बसलेली होती. राखाडी का होईना.

मग ती अक्षरं मला गडद वाटू लागली. डोळ्यांचा भास असेल, असं मी धरून चाललो. जाळ्याच्या चित्रात प्रत्येक पान म्हणजे एक वर्तुळ. गर्दी नको म्हणून आमची दोन वर्तुळं मी लांब कोपऱ्यांत ठेवायचो. सकाळी ती चिकटलेली असायची.

"जोडलेली वर्तुळं ओढली जातात काका, रचनाच तशी आहे," विभागप्रमुख म्हणाली. मला पटलं. बाकीची जोडलेली वर्तुळं जागची हलत नव्हती, हे मी बोललो नाही. माझंच काहीतरी चुकत असणार.

गेल्या आठवड्यात विभागप्रमुख दारात अवघडून उभी राहिली. "काका, सोमवारी सगळ्या नोंदी लोकांसाठी खुल्या होतील. सरावाची वाक्यं काढावी लागतील. तुमचं एक राहिलंय. मी काढू?"

"नको. मीच काढतो."

ती खिडकीशी जाऊन बाहेर बघत राहिली. तिची माया मला कळली. माझ्या बाहीचा एक धागा लोंबत होता, तो माउसच्या वायरीत अडकत होता. मी तो सोडवला, माझं पान उघडलं, वाक्य निवडलं आणि पुसलं.

पान कोरं झालं.

मग तिचं पान उघडलं. तिथलं राखाडी वाक्यही गेलेलं एकदा बघावं, म्हणून.

वाक्य होतं. काळं.

मी माझ्या पानावर परतलो. मघाशी कोऱ्या झालेल्या जागी आता राखाडी अक्षरं होती: 'मी – शेजारी बसतो – हिच्या.'

'का?' दाबलं.

'कारण: ही – शेजारी बसते – माझ्या.'

विभागप्रमुख माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिने माउस घेतला, बायकोच्या पानावरच्या वाक्याचा इतिहास उघडला. नोंद कोणी केली, तो रकाना रिकामा होता.

"हा रिकामा राहूच शकत नाही," ती हळू म्हणाली. "काका, तुम्ही गंमत करताय का?"

"मला कुठे गंमत करता येते?"

"पुसून बघते." तिने माउस पुढे सरकवला, आणि थांबली.

"बस ना," मी म्हटलं.

तिने डावीकडच्या खुर्चीकडे पाहिलं. "नको काका. उभीच बरी आहे." माउसवरचा हात तिने अलगद काढून घेतला. "असू दे ते वाक्य. ही दोन पानं मी बाहेर पाठवत नाही."

ती गेली. दार तिने उघडंच ठेवलं.

मी संगणक बंद केला. डावीकडे बघायचा धीर होईना, म्हणून बाहीकडे पाहिलं. लोंबता धागा नव्हता.

टेबलावर, डाव्या हाताला, त्याचं छोटंसं वेटोळं ठेवलेलं होतं.