सहातल्या दोन बॅटऱ्या

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्ही तेरा वर्षांचे आहात. लहानपणच्या अपघातानं पाय गेलेले. आणि शाळेतून घरी नेणारी तुमची एकुलती एक गाडी धानाच्या बांध्यांमधून जाताना मधेच बंद पडली आहे.

नागपूरपलीकडच्या गोरेगावजवळच्या उर्वशीचं तसंच झालं. २०१२ सालची गोष्ट. बंद पडलेल्या एका रिसॉर्टची जुनी, बॅटरीवर चालणारी गोल्फ कार्ट बाबांनी तिच्यासाठी आणली होती. बाबा, म्हणजे लोकेंद्र, रोज तिला शाळेत सोडत, गाडी घरी आणत आणि संध्याकाळी परत घ्यायला जात.

त्या संध्याकाळी त्यांनी गाडी ढकलत घरी आणली.

"बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या," ते धापा टाकत म्हणाले. "आता तुले नागपूरच्या वसतिगृहात ठेवा लागते."

"मले नाही जायचं, बाबा."



उर्वशीनं विज्ञानाच्या बाईंकडून व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर मागून आणला. सीटखाली सहा-सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या होत्या, एकीला एक जोडलेल्या. शनिवारी रात्रभर त्या चार्ज केल्या. रविवारी सकाळी चार्जर काढून, थोडा वेळ जाऊ देऊन एकेक मोजली. सहाही सारख्या. बाबा दिवसभर तिच्याजवळच होते, गाडी उभी होती. संध्याकाळी पुन्हा मोजलं. सहाही तशाच.

सोमवारी तिनं मीटर दप्तरात टाकला. शाळेच्या फाटकाशी मोजलं, सहाही सारख्या. गंमत म्हणून पुढच्या सीटच्या मागच्या बाजूच्या धुळीत बोटानं एक फूल काढलं.

संध्याकाळी बाबा आले. तिनं पुन्हा मोजलं. चार बॅटऱ्या थोड्या उतरलेल्या. शेजारशेजारच्या दोन मात्र पार खाली.

"का निघालं मोजून?" लोकेंद्रनं विचारलं.

"अजून पाहून राहिली."

धुळीतलं फूल जसंच्या तसं होतं.

आता तुम्हीच विचार करा. एकीला एक जोडलेल्या बॅटऱ्यांमधून गाडी चालताना सारखाच करंट जातो. मग दोनच कशा उतरल्या? उर्वशीनं वाकून पाहिलं. त्या दोघींच्या टोकांवर वायरीच्या चिमट्याच्या दातांच्या ताज्या खुणा चमकत होत्या.

सहा आणि सहा. बारा व्होल्ट.

रात्री जेवताना तिनं आजीला, रामबाईला, गाठलं. "आजी, दुपारी गाडीजवळ कोण जाते?"

"तुझा बापच जाते. गाडी पुसतो म्हणते."

"आवाज येते का काही?"

"मले कुठं ऐकू येते! अन् दुपारी बिजलीची लाइन गेली का मी तं झोपतो. कायले विचारून राहिली? पोलिसात भरती होतेस का?"

मग तिलककाकाची पाळी आली.

"काका, तुमचा फवारणीचा पंप बारा व्होल्टचा हाय ना?"

"वा वो, फौजदारीणबाई! मीच चोर का? पंपाची बॅटरी पंपातच हाय. अन् दुपारभर मी वावरात राहतो. तुझी काकू डबा घेऊन येते, तिले विचार."

"मग घरात बारा व्होल्टचं आणखी का हाय?"

तिलकचं हसू थांबलं. "जीपचा टेप. दादानं अपघातानंतर जीप भंगारात देली. टेप ठेवला."

"काऊन?"

"ते तुझ्या बापालेच विचार, बेटा."

दुसऱ्या दिवशी तिनं मधल्या सुट्टीत काकाला बोलावलं. तो तिला मोटरसायकलवरून घरी घेऊन आला, उचलून गाडी ठेवायच्या शेडच्या दाराशी आणलं.

आत कुणीतरी बाई लग्नातलं गाणं म्हणत होती. मधेच ती हसली. "प्रेमिला, पुढं म्हण ना!" असं दुसरी म्हणाली, आणि गाणं पुन्हा सुरू झालं.

लोकेंद्र मागच्या सीटवर बसले होते. मांडीवर जीपचा टेप, पायाशी मोठा स्पीकर. वायरी सीटखाली गेलेल्या. मुलीला पाहताच त्यांनी टेप बंद केला.

"बॅटऱ्या म्हाताऱ्या नाहीत, बाबा," उर्वशी हळू म्हणाली. "म्हाताऱ्या असत्या तं रविवारी उभ्याउभ्या उतरल्या असत्या. शाळेपर्यंत सहाही सारख्या चालतात. तुम्ही घरी गाडी आणली का दोनच उतरतात. गाडी पुसता म्हणता, पण धूळ तशीच राहते. बारा व्होल्टच्या टेपसाठी तुम्ही ह्या दोघींनाच चिमटे लावता. मग त्या थकतात, अन् त्यांच्यापायी सगळी गाडी थांबते."

"जीपच्या एका बॅटरीवर टेप दिवसभर वाजे," लोकेंद्र म्हणाले. "हिथं तं सहा. मले वाटलं, एवढ्यानं का होते?"

"जीप चालताना बॅटरी भरत राहते, बाबा. हिथं कोण भरते?"

लोकेंद्रनं मांडीवरचा टेप बाजूला ठेवला.

"घरात काऊन नाही लावला?" उर्वशीनं विचारलं.

"तुझी माय प्रेमिला गेली, त्या दिवशी जीप मी चालवत होतो, उर्वशी. तुले तिचा आवाज कोणत्या तोंडानं ऐकवू? मीच तुझी गाडी मारून राहिलो होतो, अन् तुलेच दूर धाडत होतो. आजच फेकतो हा टेप."

ते चिमटे काढायला वाकले. तिलकनं दाराकडे तोंड फिरवलं.

"तवा मी चार वर्षांची होती," उर्वशी म्हणाली. "मले मायचा आवाज आठवतच नाही."

तिनं काकाला सांगून स्वतःला बाबांशेजारी बसवून घेतलं. त्यांच्या हातून चिमटे घेतले आणि पलीकडच्या दोन बॅटऱ्यांना लावले.

"आता ह्या दोन. तासाभरानं त्या तिकडच्या दोन. मग सगळ्या सारख्याच उतरतील, अन् रात्री सारख्याच भरतील."

आणि तिनं टेपचं बटण दाबलं.