टिबुकलीचं तरंगतं घरटं

"टिल्लू, आता दुर्बीण मला दे! काल दिवसभर तुझ्याच गळ्यात होती."

"थांब ना ताई! टिबुकलीचं घरटं तिरकं झालंय!"

शहराच्या कडेला असलेल्या राखीव रानात, तळ्याकाठी ताई, तिचा धाकटा भाऊ टिल्लू आणि मावसभाऊ चष्मिस पालथे पडले होते. मागे झाडाखाली मावशी बसली होती. लहानपणी ती इथे सायकलवरून यायची. तेव्हा शहर खूप मागे राहायचं. आता झाडांवरून इमारती डोकावत होत्या.

"आम्ही इथे ओरडलो की पलीकडून आमचाच आवाज परत यायचा रे," ती म्हणाली. "आता नुसती घरघर ऐकू येते."

चष्मिसने दुर्बीण घेतली. टिबुकली या इवल्या पाणपक्ष्याचं घरटं पाण्यावर तरंगतं. पण आज ते एका बाजूने चिखलात टेकलं होतं. काठावर एक कुत्रा जीभ काढून बसला होता. पाणी आणखी उतरलं, तर तो थेट अंड्यांपर्यंत चालत जाणार!

तिघं रानाच्या फाटकावर बसलेल्या रक्षककाकांकडे धावली.

"उन्हाळा आहे, आटणारच," काकांनी मान वर न करता सांगितलं.

"एका रात्रीत वीतभर?" ताई फणकारली. "ऊन काय बादल्या घेऊन येतं?"

काका हसले आणि पुन्हा पेपरात शिरले.

"मावशी, घरघर कुठून येते?" टिल्लूने अचानक विचारलं.

मावशीने कान टवकारले. "अरे, खरंच की! चला!"

आवाजामागे चालत चौघं तळ्याच्या टोकाला पोचली. पाणकणसांच्या दाटीत एक जाड पाइप दडवला होता. तो कुंपणाखालून थेट बांधकामावरच्या टँकरपर्यंत गेला होता!

"पाणीचोर!" टिल्लू कुजबुजला.

"ओरडलो तर पाइप गुंडाळून पसार होतील," चष्मिस म्हणाला. "त्यांनाच इकडे यायला लावू. मावशी, तू काकांना घेऊन ये."

मावशी वळली. तिघांनी पाइपचं तोंड पाण्याबाहेर ओढलं. "जोर लाव, टिल्लू! नुसता तोंडाने काय 'हं हं' करतोस!" ताई पुटपुटली. शेवटी ताईच्या ओढणीने ते तोंड फांदीला बांधलं आणि तिघं पाणकणसांत लपली.

पंपाने ठसका दिला. घर्रर्र... फुस्स!

दोन माणसं कुंपणाखालून आत आली. "पाणी संपलं की काय?"

"नाही! तुमची चोरी संपली!" टिल्लू उभा राहिला.

माणसं वळली, तर मागे रक्षककाका! त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"आधी टँकर तळ्यात रिकामा करा. मग वनखात्याच्या साहेबांशी बोला!"

दुपारपर्यंत बांधकामावरच्या टाक्यांमधलंही पाणी परत आलं. घरटं हळूच डुललं आणि सरळ झालं. टिबुकली पोहत आली, अंडी लपवायला पसरलेलं शेवाळ तिने बाजूला केलं आणि ऐटीत बसली.

"शाब्बास!" रक्षककाका म्हणाले. "माझ्या नाकाखाली चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता. पोरांनो, चुकलंच माझं."

मावशीने तिघांना जवळ ओढलं. "माझ्या लहानपणी हे तळं असं होतं, असं मी सारखं सांगते ना? एक दिवस तुम्हीही कुणाला तरी सांगाल."

"आम्ही नाही हं म्हातारे होणार!" टिल्लू म्हणाला आणि सगळे खो-खो हसले.

तो आवाज तळ्यावरून पलीकडे गेला आणि, घरघर थांबली होती म्हणून असेल, अगदी स्पष्ट परत आला.