खाडीच्या बाजूचा दिवा

दिवा मी नेला. ठाण्याच्या बाजारातून विकत घेतला, होडीत मांडीवर धरून बसले आणि नीलाच्या हाती दिला. या हकिगतीत माझा वाटा एवढाच. बाकी सारे तिच्या घरी घडले. त्यातले मी जेवढे डोळ्यांनी पाहिले आणि कानांनी ऐकले, तेवढेच सांगणार आहे. सर्वेश, तो मोबाइल उलटा ठेव. गच्चीवर आहे तेवढा उजेड पुरे.

नीला माझी डोंबिवलीच्या शाळेतली विद्यार्थिनी. आता ती स्वतः शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी तिची बदली कोलशेतसमोरच्या खाडीतल्या एका बेटावर झाली. बेटाचे नाव सांगत नाही. तिथल्या माणसांना उगाच पाहुणे नकोत. टिटवाळ्याच्या घरून रोज जाणेयेणे अशक्य होते, कारण तिथली होडी घड्याळावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालते. म्हणून नीला, तिचा नवरा महेंद्र आणि सासू आवडाबाई, असे तिघेही तिथेच राहायला गेले.

अगदी पाण्याच्या काठचे, बरीच वर्षे बंद असलेले एक कौलारू घर त्यांनी घेतले. महेंद्र वायरमन, हाताने काम करणारा आणि हट्टी. विटा, सिमेंट, पाण्याची टाकी, शौचालयाचे भांडे, सारे होडीने आले. एकदा फरश्या उतरवेपर्यंत ओहोटी लागली, तेव्हा त्या दोघांनी गुडघाभर चिखलातून एकेक फरशी डोक्यावर वाहिली. भिंतींना दर दोन महिन्यांनी लोणा फुटे आणि रंगाचे पापुद्रे गळून पडत. महेंद्र ते खरवडून पुन्हा रंग देई. "खाडीला रंग आवडत नाही आणि ह्याला खाडी," असे आवडाबाई म्हणत. त्या दम्याच्या रोगी होत्या, पण जिभेला दमा नव्हता.

आता फक्त घराच्या मागे, खाडीच्या अंगाला उजेड हवा होता. समोर काही हलले की आपोआप पेटणारा सौर दिवा महेंद्रने निवडला. बेटावर कुरिअर येत नाही, म्हणून नीलाने मला फोन केला.

गेल्या मार्गशीर्षातली अमावास्या. शुक्रवार. दुपारच्या भरतीला मी पोहोचले. महेंद्रने काठावर लोखंडी खांब रोवून ठेवलाच होता. त्याने जेवणाआधी दिवा चढवला. चारच्या आत परतायचे होते, परंतु बोलण्यात पाणी उतरले. अमावास्येची ओहोटी फार दूर जाते. जिथे मी होडीतून उतरले होते, तिथून दृष्टी पोहोचेल तिथवर नुसता काळा चिखल पसरला होता. "बाई, आता राहाच," नीला म्हणाली. राहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

दिवेलागणीनंतर आवडाबाईंना धाप लागली. पंप ओढून झाला. वाफ देऊन झाली. धाप उतरेना. ओठ काळपट दिसू लागले. नीलाने मोटरबोटवाल्या नयनला फोन लावला. त्याने स्पष्ट सांगितले की बोट चिखलात बसली आहे; पाणी भरल्याशिवाय हलणार नाही, म्हणजे अकराच्या आत नाही. पलीकडच्या काठावर ठाण्याचे दिवे दिसत होते. इस्पितळही तिथेच कुठेतरी. मध्ये चिखल... काठाशी गुडघाभर, पुढे माणूस बुडेल इतका; त्यातून होडीही जात नाही.

आठच्या सुमारास मागचा दिवा पेटला.

महेंद्रने खिडकीतून पाहिले. काही नव्हते. कुत्रे असेल, तो म्हणाला. दिवा विझला. पुन्हा पेटला. पुन्हा विझला. असे चारपाच वेळा झाले असेल. तेवढ्यात पुढच्या दाराने शेजारच्या रखमाबाई आत आल्या. सत्तरी उलटलेली बाई. कोणाशी न बोलता, डोक्यावरून पदर घेऊन, त्या आवडाबाईंच्या उशाशी बसल्या आणि हळूच नीलाला विचारू लागल्या, "कवा गेली गो?"

आवडाबाईंनी डोळे उघडले. "अजून... आहे मी," त्या धापा टाकत म्हणाल्या. "बसा. चहा... घ्या."

रखमाबाई उठून उभ्याच राहिल्या. "मंग दिवा पान्याकडं कोनी लावला?"

त्यांनी सांगितले ते असे. बेटाला स्मशान नाही. खाली खडक, वर खारी माती. सरणापुरते लाकूडही नाही. म्हणून प्रेत पलीकडच्या काठावर न्यावे लागते. ज्या घरी माणूस जाई, ते घर खाडीच्या बाजूला दिवा लावी. तो पाहिला की होडीवाला न बोलावता येई. कितीतरी वर्षे तो होडीवाला म्हणजे रखमाबाईंचे यजमान, तानाजी. रिकामी होडी परत न्यायची नाही, हा त्यांचा नेम होता. एका अमावास्येला असाच दिवा पाहून ते निघाले. पोहोचले नाहीत. होडीही सापडली नाही. तेव्हापासून बेटावरच्या एकाही घराने त्या बाजूला दिवा लावलेला नाही. आता फोन आहेत, मोटरबोटी आहेत. नव्या माणसांना हे सांगायचे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

महेंद्र हसला नाही. आजारी आई समोर होती. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "मावशी, सेन्सर आहे तो. काही हललं की लागतो."

"मंग काय हललं?" रखमाबाईंनी विचारले.

तो शिडी घेऊन गेला आणि त्याने दिव्याची तार सोडवली. अंधार झाला. तो आत आला. दार लावले.

आणि मग आवाज आला.

वल्ह्याचा आवाज. वल्हे पाण्यात शिरते, पाणी कापते, निथळत वर येते... तो. सावकाश. एका लयीत. खाडीच्या दिशेने.

महेंद्रने खिडकीतून बॅटरी मारली. चिखल. जिथवर उजेड पोहोचला, तिथवर चिखल. पाणी नव्हतेच. आवाज मात्र पाण्यातला होता.

जवळ येत होता.

मी आयुष्यभर मुलांना सांगत आले की नीट ऐका आणि मग बोला. मी नीट ऐकले.

खांबापाशी लाकूड टेकल्याचा आवाज झाला. वल्हे थांबले.



आत आवडाबाईंचा श्वास. घर्र... घर्र... मध्येच अडके. श्वास अडकला की बाहेर फळी करकरे, कोणीतरी उठून उभे राहिल्यासारखी. श्वास सुटला की फळी गप्प. पुन्हा अडके. पुन्हा करकर. नीलाने सासूचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला होता. महेंद्र मागच्या दाराला पाठ लावून उभा होता. घड्याळात नऊसुद्धा झाले नव्हते. जी होडी हवी होती ती चिखलात रुतून बसली होती. जी नको होती ती दारात होती.

एकदा श्वास फारच अडकला. फार वेळ.

पायरीपाशी काहीतरी ओले टेकले.

"आई," महेंद्र म्हणाला. एवढेच.

श्वास सुटला.

रखमाबाई दाराशी गेल्या आणि त्यांनी महेंद्रला बाजूला व्हायला सांगितले. तो हलेना. "उघड रं. माज्याच मानसाशी बोलायचं हाय मला."

त्याने नीलाकडे पाहिले. नीलाने मान हलवली. कडी निघाली.

त्या एकट्याच पायरीवर गेल्या. दार उघडेच होते, परंतु अंधारात मला त्यांची पांढऱ्या लुगड्याची कड तेवढी दिसत होती. आवाज चढवला नाही. घरात बोलावे तसे बोलल्या.

"हितं कोन गेलेला नाय. नवी मानसं हायेत, त्यांना ठाव नवता." मग, "माजी येळ आली का मीच लावीन दिवा. तवा ये."

उत्तर आले नाही. वल्ही परत गेल्याचा आवाजही आला नाही. हे लक्षात ठेवा. मी कान देऊन ऐकत होते. तो आला नाही.

पाणी चढू लागले. अकरा वाजून गेल्यावर गावच्या धक्क्याला नयनची बोट लागली. आवडाबाईंना खुर्चीत बसवून उचलून नेले. नीला आणि महेंद्र त्यांच्यासोबत गेले. धक्क्यावर आवडाबाईंनी नयनला थांबवून विचारले, "इंजिन आहे ना... हिला?" तो हो म्हणाला, तेव्हाच त्या बोटीत बसल्या. ठाण्याच्या इस्पितळात पहाटेपर्यंत त्यांचा श्वास पूर्ववत झाला.

मी आणि रखमाबाई त्या घरात बसून राहिलो. उजाडल्यावर मागचे दार उघडले. पुन्हा ओहोटी होती.

खांबाला काथ्याचा दोर बांधलेला होता. जुना, जाड, ओला. बेटावर आता सारे नायलॉनचा दोर वापरतात. दोर खांबापासून खाडीच्या दिशेने ताणलेला होता. भरलेली होडी ओढून धरावी तसा ताठ. हातभर अंतरावर चिखलाच्या वर त्याचे टोक अधांतरी होते. त्या टोकाला काही नव्हते.

रखमाबाईंनी गाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

आवडाबाई घरी परतल्या त्या दिवशी मी पुन्हा गेले. दोर तसाच होता. महेंद्रने तो दाबून पाहिला आणि हात पुसून आत आला. मग सर्वांनी बसून ठरवले. दिवा पुढच्या बाजूला, गल्लीत लावायचा. खांब उपटायचा नाही. दोर सोडायचा नाही, कापायचा नाही. नीलाने मान्य केले, मी केले, आवडाबाईंनी केले. महेंद्र सर्वांत शेवटी हो म्हणाला. रखमाबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्यांनी एवढेच विचारले की सांजच्या वेळी त्या खांबापाशी येऊन बसले तर चालेल का.

नीला हो म्हणाली.