मूळशोधक वाघ

मूळशोधक व्याघ्रयंत्राने सकाळपासून प्रयोगशाळेतल्या तीन खुर्च्या फाडल्या होत्या. तिन्ही डॉ. पेठकरांच्या, कारण त्यांचं पोट बसून वाढलं होतं.

"लठ्ठपणाचं कारण हुंगायचं, फाडायचं. मग त्या कारणाचं कारण," पेठकर उभ्याउभ्या कौतुकाने म्हणाले. "माणसाला दात लावायचा नाही, एवढाच लगाम. बाकी अस्सल वाघ. स्वतःलाही वाघच समजतं."

पथकातली एकटी कोरकू आदिवासी अभियंता रामकली बेठेकर यंत्राचे दात तपासत होती. महिनाभरात साखर उतरली नाही, तर तिच्या बापाचा, मुंगाचा, डावा पाय कापणार होते.

"तुमची माणसं काटक ना गं? मग एवढी सुटली कशी?"

"जंगलात होती तोवर काटकच होती, सर."

"आळस, दुसरं काय. बघ, हे अंथरुणं फाडील."

पुनर्वसन वसाहतीत मुंगा खाटेवर बसून शीतपेयात बिस्किट बुडवत होता. यंत्राने त्याला पायापासून पोटापर्यंत हुंगलं.

"बा, हलू नको."

"हलत असतो तर हे आणलं असतंस का?"

यंत्र अंथरुणाकडे वळलंच नाही. त्याने समोरच्या दुकानाचं शटर उचकटलं, तेलाचे डबे उभे चिरले, बाटल्यांचा चुरा केला. दुकानदार फ्रिजवर चढून बसला, तेव्हा फ्रिजही फाडला, दुकानदार बाजूला ठेवून.

"आता कारणाचं कारण," पेठकर जरा हळू म्हणाले.

दुकानातून का खातात? कुटकीचं शेत, मोहाची झाडं, कंद, सगळं वसाहतीमागच्या जंगलाच्या कुंपणापलीकडे राहिलं होतं. यंत्राने चाळीस खांब मुळासकट उपटले. तारा तुटून चाबकासारख्या उडाल्या. एका तारेने पेठकरांचा चष्मा नेला आणि कानाचा थोडा भाग. मग कुंपणालगतच्या वनखात्याच्या चौकीचं दार फुटलं. रखवालदार सागावर चढला. कपाटातून यंत्राने गाव उठवण्याचा आदेश ओढून काढला, वाचला आणि गिळला.

"काय लिहिलं होतं?" पेठकरांनी कान दाबत विचारलं.

"गाव कुणासाठी उठवलं ते," रामकली म्हणाली. "वाघासाठी."

यंत्र थबकलं. आजूबाजूला हुंगलं. मग स्वतःच्या पट्टेदार पंजाकडे बराच वेळ पाहिलं आणि पंजापासूनच सुरुवात केली. मान शेवटी तोडली.

"आजवर आलेल्या साहेबांत हाच इमानदार निघाला," मुंगा खाटेवरून म्हणाला. त्याने भिंतीवरची कुऱ्हाड काढली आणि मोडलेल्या कुंपणाकडे निघाला.

महिन्याने पेठकरांनी अहवाल पाठवला: चाचणी अयशस्वी. शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला आणायला तीनदा गाडी गेली. रुग्ण तिन्ही वेळा जंगलात होता, पायी.